बत्तीस नग, आखणी नाही

दादा, तुझी ट्रंक मी उघडली. चोरून नाही, वहिनींनी सांगितलं म्हणून. तेरावं झालं, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि पेन्शनच्या कामाला तुझी फौजेतली कागदपत्रं लागणार होती. वहिनी म्हणाल्या, "तूच बघ गो शालू, त्यातलं इंग्रजी मला काय कळतंय." किल्ली तू देवघरात समईच्या मागे ठेवायचास. इतक्या वर्षांत त्या ट्रंकेला आम्ही कुणी हात लावला नव्हता.

वर तुझी मेडलं होती, लोकरी मफलरीत गुंडाळलेली. त्याखाली गणवेश, त्याला डांबरगोळ्यांचा वास. त्याखाली डिस्चार्ज बुक. ते मिळालं तेव्हाच मी झाकण लावायला हवं होतं. पण जन्म मास्तरीण म्हणून काढला, कागद दिसला की वाचायचा ही खोड काही जात नाही. तळाला एक निळी डायरी होती आणि परदेशी तिकिटं लावलेलं एक पाकीट होतं. मी दोन्ही वाचलं.

त्या दिवसापासून मी तुझ्याशी भांडतेय. जोह्याहून पेणला येताना एसटीत भांडले, पेणहून रोह्याला येताना भांडले, आणि आता रोह्याशेजारच्या वरशे गावी माझ्या घरी टेबलाशी बसून भांडतेय. रोह्याच्या वाचनालयाने त्यांच्या अंकासाठी तुझ्यावर दोन पानं मागितली आहेत. 'सुभेदारांच्या आठवणी' असं काहीतरी हवंय त्यांना. हे त्यांना चालेल की नाही माहीत नाही. तुला चालणार नाही हे मात्र नक्की माहीत आहे.

तुला फ्रॉकची गोष्ट आठवत असेल. मी आठ वर्षांची होते, मे महिन्यात तुमच्याकडे, आत्याच्या घरी, जोह्याला आले होते. आतोबांच्या कारखान्यात गणपतींच्या रांगा लागलेल्या. रंग झालेले, दागिने झालेले, पण डोळे नसलेले. कारागीर त्यांच्याशी कसे वागायचे ते मला अजून दिसतं. एकाच्या हातावर शर्ट टांगलेला, एकाच्या मांडीत विडीचं बंडल, एकाला पाठ टेकून कुणी डबा खातोय. ओढ्यावरून भिजून आले आणि मीही माझा फ्रॉक एका मोठ्या गणपतीच्या सोंडेवर वाळत घातला. कुणी काही बोललं नाही. आतोबा त्या सगळ्याला 'माल' म्हणायचे. माल वाळला का, माल उचला, माल मोजा.

मग तू आलास, झिरो नंबरचा ब्रश घेऊन. तेव्हा तू तेरा-चौदाचा असशील, पण डोळ्यांच्या आखणीला आतोबांनी तुला बसवलं होतं, कारण तुझा हात थरथरत नसे. तू त्या मोठ्या गणपतीच्या समोर पाटावर बसलास, श्वास धरलास, आणि डोळे आखलेस. वरच्या पापणीची एक रेघ, खालची एक, बुबुळ, बुबुळात पांढरा ठिपका. मग मागे सरकलास आणि मला म्हणालास, "आता काढ तो फ्रॉक." मी धावत जाऊन काढला. मला लाज वाटली. त्या क्षणापर्यंत वाटली नव्हती.

कारखान्यात ही गोष्ट कुणी कुणाला शिकवत नाही. डोळे आखेपर्यंत तो माल असतो. आखले की तोच शर्ट टांगणारा माणूस जाताना त्याच्याकडे पाठ करत नाही, मागे मागे चालत दारापर्यंत जातो. तुझ्या हाताखाली शेकड्यांनी तसे बदलले असतील. हे माझ्यापेक्षा तुला जास्त माहीत होतं, म्हणूनच राग येतो.

तुझी ती दुसरी गोष्ट, जी पेणपासून रोह्यापर्यंतच्या सगळ्या शाळांना पाठ आहे, ती याच गोष्टीची धाकटी बहीण. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत आपल्या फौजेने तुला एका मित्रदेशात पाठवलं. तिथली फौज नव्याने उभी करायची होती, आणि तुमच्या पथकाने त्यांच्या जवानांना शिकवायचं होतं. तिथे एक खोटा बाजार उभा केला होता, फळ्यांची दुकानं आणि पत्र्याची छपरं. जवान बंदूक घेऊन त्यातून जायचा, अचानक आकृत्या समोर यायच्या. काहींच्या हातात बंदूक, काही साधी माणसं. बंदूकवाल्याला मारायचं, साध्या माणसाला नाही. पण आकृत्या सगळ्या काळ्या पुठ्ठ्याच्या, आणि जवान दिसेल त्याला गोळी घालत होते.

तेव्हा तू प्लास्टर आणि गोणपाट मागवून घेतलंस. जोह्याचा कारागीर ना तू. टोपलीवाल्या बाया केल्यास, म्हातारे केलेस, सायकल धरलेला माणूस केलास. पहिल्या दिवशी त्यांना चेहरे होते, डोळे नव्हते, आणि जवानांनी त्यांचीही चाळण केली. मग तू एक अख्खा दिवस बसून आखणी केलीस. दुसऱ्या दिवशी त्याच जवानांची बोटं अडखळली. एकाने चुकून टोपलीवालीला गोळी घातली, तर बंदूक खाली ठेवून तिच्यापुढे जाऊन उभा राहिला आणि तिची माफी मागितली.

ही गोष्ट तू मला पहिल्यांदा सांगितलीस ती माझ्या स्वयंपाकघरात. मी वाल सोलत होते. हात थांबले माझे. तू म्हणालास, "हक्क-बिक्क काय पुस्तकात शिकवता तुम्ही. मी डोळे आखून शिकवले." मी म्हटलं, "दादा, हे शाळेत येऊन सांग." आणि तू आलास. पेणला आलास, नागोठण्याला आलास, गडबच्या शाळेत आलास. नागरिकशास्त्राच्या तासाला मुलं डुलक्या काढतात हे मी आयुष्यभर पाहिलं. तुझ्या तासाला कुणी हललं नाही.

त्याआधी आपण त्या विषयावर किती भांडायचो. माझं म्हणणं एकच होतं. जी फौज आपल्याच लोकांवर गोळ्या चालवते तिला आपण कवायत शिकवायला जायचंच कशाला? शिकवलेलं ते कुणावर वापरतात, हे परत येऊन विचारतो का आपण? तुझं उत्तर ठरलेलं. "आपण नाय गेलो तर दुसरं कोणीतरी जाईल. ते फक्त बंदूक विकतील आणि येतील. फौज आतूनच सुधारते गो. कोणीतरी आत असायला पायजे." मी म्हणायची, आत असून काय केलंत ते सांग. तू चहा बशीत ओतायचास आणि हसायचास. तुझ्याजवळ ती गोष्ट आल्यापासून मात्र मी ते विचारणं सोडलं.

आणि मग मी काय केलं ते तुला चांगलं माहीत आहे. आमच्या अभ्यासगटाचं निवेदन होतं. सात-आठ निवृत्त माणसं आम्ही, रविवारी सकाळी वाचनालयात जमणारी. परदेशी फौजांशी आपलं सहकार्य कसं असावं यावर खासदारांना द्यायचं निवेदन, वर्षभर खपून लिहिलेलं. त्यात चौथं कलम माझं होतं. ज्या देशाची फौज निःशस्त्र लोकांवर गोळीबार करते, तिथलं प्रशिक्षण चौकशी होईपर्यंत थांबवावं. तुझी गोष्ट ऐकल्यावर ते कलम मी माझ्या हाताने खोडलं. त्याजागी लिहिलं की सहकार्य चालू ठेवावं, त्यात मानवी हक्कांचा पाठ घालावा, आणि उदाहरण म्हणून खाली तुझी गोष्ट दिली. गटातले वकील म्हणाले होते, "बाई, एका माणसाच्या सांगण्यावर?" मी त्यांना म्हटलं, तो माणूस माझा भाऊ आहे, तो खोटं बोलत नाही. हे वाक्य मी टेबलावर हात आपटून म्हटलं होतं, दादा. वकिलांनी ते माझ्या तोंडावर परत फेकलं नाही, कारण त्यांना अजून काही माहीत नाही.

तुझ्या शोकसभेत मी तीच गोष्ट सांगितली. पेणच्या त्या शाळेच्या सभागृहात, तुझ्या हार घातलेल्या फोटोशेजारी उभी राहून. माफी मागणाऱ्या जवानापाशी आले तेव्हा पुढच्या रांगेतल्या दोन शिक्षिका पदराला डोळे पुसत होत्या. तुझ्या फोटोतसुद्धा तू तसाच बघत होतास, शांत. त्यानंतर तीनच दिवसांनी मी ट्रंक उघडली. मेल्यावरही तू मला ती अर्धी गोष्ट सांगायला लावलीस.

आता डायरीचं. बारीक अक्षरात रोजच्या एक-दोन ओळी, मराठीत, कुणी वाचू नये म्हणून असेल. आखणी केली त्या दिवशी लिहिलंस, 'आज चेहरे पुरे केले. जवान थांबतात.' पुढचे नऊ दिवस तेच, आनंदात. दहाव्या दिवशी तिथला कमांडर मैदानावर आला. तुझे शब्द जसेच्या तसे मला पाठ झालेत. 'कमांडर म्हणाला, डोळे पुसा. थांबणारा जवान काय कामाचा. बाजारात उद्या जे उभे राहतील ते सगळे शत्रूच.' त्याखाली, 'आपल्या पथकप्रमुखांना सांगितले. ते म्हणाले, मैदान यजमानांचे, नियम यजमानांचे. आपण पाहुणे.' त्याखाली एक दिवस कोरा आहे.

आणि मग ही ओळ. 'नवीन बत्तीस नग. आखणी नाही. माल दिला.'

दादा, तू 'आकृत्या' लिहू शकला असतास. 'टार्गेट' लिहू शकला असतास, फौजेत तोच शब्द आहे ना. तू 'माल' लिहिलंस. म्हणजे तुला कळत होतं. तिथल्या कमांडरला कळत नसेल, पथकप्रमुखाला कळत नसेल, त्यांच्या लेखी रंगाच्या चार रेघा पुसायच्या होत्या. त्या मैदानावर एकच माणूस असा होता ज्याला लहानपणापासून माहीत होतं की डोळे न आखलेल्या बाईच्या अंगावर माणूस काय काय टांगतो. आणि त्याच माणसाने बत्तीस बाया-बाप्ये डोळ्यांशिवाय करून दिले.

तुला हुकूम होता, मी समजते. मी काही फौजेत नव्हते, आणि घरात बसून शूर होणं सोपं असतं हे तू मला कैक वेळा ऐकवलंयस. तू नकार दिला असतास तर त्यांनी दुसऱ्याकडून करून घेतले असते, हेही मान्य. पण मग महिन्याभराने कोर्स संपला तेव्हा अहवालावर सही केलीस ती? डायरीत आहे, 'अहवालात मानवी हक्क, समाधानकारक, असा शेरा. सही केली.' तो हुकूम नव्हता. त्या रकान्यात तू दुसरं काही लिहू शकत होतास, आणि ते वाचून कुणीतरी एकदा तरी विचारलं असतं की सुभेदार, असं का लिहिलंत. एवढंही पुरेसं झालं असतं मला.

पाकिटातलं पत्र त्या देशातल्या एका वकीलबाईंचं आहे. दोन वर्षांपूर्वीचं. तू परत आल्यावर वर्षभरात तिथल्या एका खऱ्या बाजारात फौजेने गोळीबार केला होता, आणि ती तुकडी तुझ्याच मैदानावर शिकलेली होती. आता तिथं सरकार बदललंय. फौज सुधारायची म्हणून चौकशी चालू आहे, आणि या बाई मेलेल्यांच्या घरच्यांकडून उभ्या आहेत. त्यांना तुझा पत्ता कसा लागला माहीत आहे? त्या माफी मागणाऱ्या जवानाने साक्ष दिली. त्याने सांगितलं, एक हिंदुस्तानी सुभेदार होता, तो प्लास्टरच्या माणसांना डोळे आखायचा, मग एक दिवस आकृत्या आंधळ्या आल्या, आणि आम्हाला सांगितलं गेलं की आता थांबायचं नाही. तिथला कमांडर म्हणतो, असे डोळे-बिळे कधी नव्हतेच, हा जवान रचून सांगतोय. म्हणून बाईंनी तुला दोनच गोष्टी विचारल्या. सोबत फोटोत आहे ती आकृती तुम्ही केली का, आणि तिला डोळे कुणाच्या सांगण्यावरून काढले नाहीत.

तू उत्तर दिलं नाहीस. दोन वर्षं. या दोन वर्षांत तू तीन शाळांत जाऊन तीच गोष्ट सांगितलीस, मी शेजारी बसून ऐकली, आणि माफी मागणाऱ्या त्या जवानापाशी तू दर वेळी थांबायचास. मला वाटायचं गहिवरून थांबतोस. तो जवान तिकडे एकटा उभा राहून खरं बोलत होता, त्याला लोक खोटारडा म्हणत होते, आणि त्याच्या माफीवर इकडे तू टाळ्या घेत होतास. हे मला गिळवत नाही, दादा. हुकूम मी गिळला असता. सहीसुद्धा कशीबशी गिळली असती. फौज आतून सुधारते म्हणायचास ना? ती आतून सुधारायला बसली होती आणि तुझ्या एका कागदासाठी अडली होती.

एक दिवस तू वरशाला आला होतास. पोह्याच्या पापडांची पिशवी घेऊन, न कळवता. कपाळाला हात लावून बसलास, मला वाटलं उन्हाचं आलायस. मग म्हणालास, "शालू, साक्ष द्यायला तिथं जावंच लागतं काय? कागदावर लिहून दिली तर चालते काय?" मला वाटलं बांधाची भानगड असेल, जोह्याला तुमची ती कायमचीच. मी म्हटलं, वकिलाला विचार, आणि माझ्या निवेदनाचा नवा मसुदा तुझ्यापुढे ठेवला. बघ, तुझी गोष्ट कशी बसवलीय. तू वाचलास. बराच वेळ वाचलास. मग म्हणालास, "छान झालंय," आणि पापड तळायला सांगितलेस.

ते आठवलं की माझा राग थोडा वेळ माझ्याकडे वळतो. तू सांगायला आला होतास, आणि मी तुझ्या हातात तुझीच गोष्ट ठेवली, टाईप करून. पण तू एकदा म्हटलं असतंस, थांब जरा, ते खरं नाय, तर मी थांबले असते. तुझं मी लहानपणापासून ऐकत आलेय. एका शब्दावर फ्रॉक काढला होता.

फोटो मी शेवटी पाहिला. पत्राच्या घडीत होता, हाताएवढा, गुळगुळीत कागदावरचा. प्लास्टरची टोपलीवाली, मातीतून उकरून काढलेली, एक हात तुटलेला, छातीत भोकं. पत्रात लिहिलं होतं की आकृतीला डोळे नाहीत. मी फोटो उलटा-सुलटा केला, उजेडात धरला. फोटोतल्या बाईला डोळे होते.

मला समजायला वेळ लागला. मग बोट फिरवलं तेव्हा रंगाचा उंचवटा लागला. तू त्या फोटोवर आखणी केली होतीस. नखाएवढ्या चेहऱ्यावर, झिरो नंबरच्या ब्रशने, वरची रेघ, खालची रेघ, बुबुळ, पांढरा ठिपका. चष्म्याशिवाय तुला पेपर दिसत नव्हता. किती दिवस बसला असशील त्यावर?

आधी मी अजून चिडले. म्हटलं, बघा, पुरावासुद्धा खराब केला. त्या मैदानावर बत्तीस वेळा करायचं ते केलं नाही आणि इथं घरात, दार लावून, कागदावर केलं, जिथं कुणाचं काही बिघडत नाही. त्याने त्या बाजारातलं कुणी उठून बसणार आहे का? मी फोटो पाकिटात घातला आणि वहिनींना सगळं सांगून टाकलं, एका दमात. त्या ऐकत होत्या तेव्हा त्यांच्या तोंडाकडे बघून वाटलं, मी सांगायला नको होतं.

वहिनींनी मफलर परत मेडलांभोवती गुंडाळली. मग म्हणाल्या, "गेलेल्या माणसाचं आता काय काढायचं गो. इथं सगळे सुभेदार म्हणून हात जोडतात. तेवढंच हाय माझ्याजवळ." मी म्हटलं, वहिनी, तुम्ही हो म्हणेपर्यंत मी वाचनालयाला काही देत नाही, कुणाला काही सांगत नाही, पण त्या बाईंना उत्तर जायला हवं. त्या म्हणाल्या, "तू तुझ्या रागाने पाठवणार." खोटं नव्हतं ते. 

मग त्यांनी फोटो मागितला. तुझा चष्मा लावला, हो, तुझाच, त्यांचा मोडलाय. खिडकीशी गेल्या. तुला माहीत आहे, तुझ्याशी लग्न होऊन आल्यापासून, तू सुट्टीवर असताना आणि निवृत्तीनंतरही, त्या तुझे रंग कालवत आल्या. आखणीत कुणाचा हात आहे हे त्या पेणच्या बाजारात रस्त्याच्या पलीकडून सांगतात. म्हणाल्या, "ठिपका खाली हाय. यांचाच हात." आतोबा त्या ठिपक्यावरून तुला जन्मभर ओरडले, वर घे, वर घे, आणि तू कधी वर घेतला नाहीस. मी विचारलं, "मग काय करायचं?" त्यांनी फोटो पुसल्यासारखा पदराला लावला आणि माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "डोळे आखून झाले म्हणजे मूर्ती पुरी झाली. पुरी झालेली कारखान्यात ठेवत नाय. ज्याची त्याला जाते."

एवढं बोलून त्या चहा ठेवायला आत गेल्या. कारखान्यात हमरापूरहून आलेला आखणीवाला तुझ्या पाटावर बसून तुझे राहिलेले गणपती पुरे करत होता. चांगला हात आहे त्याचा. ठिपका वर घेतो.

मी वकीलबाईंना ईमेल केला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, चौकशी चालू आहे, मूळ कागद पाठवा, आकृती आमच्याजवळ जपून ठेवलेली आहे. म्हणजे फोटो खराब झाला तरी ती बाई आहे तिथं, आंधळी. मी पत्र लिहिलं, दोन पानी. डायरीच्या त्या पानांचं इंग्रजी केलं. 'माल' या शब्दापाशी अडले. तिथं कच्चं काम असं लिहिलं, मग खोडलं, आणि आमच्या कारखान्यात डोळे आखण्याआधी मूर्तीला काय म्हणतात, कसं वागवतात, आणि डोळे आखल्यावर काय होतं, हे सगळं लिहून काढलं, फ्रॉकसकट. त्या फोटोवरचे डोळे दाखवून त्या जवानाला विचारा, असंही लिहिलं. त्याने ते डोळे जवळून पाहिलेत, तो ओळखेल. कमांडर त्याला खोटारडा म्हणतोय, तर हे त्याच्या उपयोगी पडेल. तुझ्यासाठी नाही लिहिलं, त्याच्यासाठी लिहिलं.

निवेदनातलं चौथं कलम परत घालायचं आहे. या रविवारी गटातल्या वकिलांसमोर बसून सांगावं लागेल की माझा भाऊ खोटं बोलला, म्हणजे अर्धं बोलला. ते चष्मा पुसतील. शाळांनाही कळवावं लागेल. ती मुलं तुझ्यावर निबंध लिहितात, दादा. त्यांना पूर्ण गोष्ट सांगताना मी कुठे थांबू, हे मला कुणाला तरी विचारायचं होतं, आणि असं काही अडलं की मी तुलाच फोन करायची.

तुला माफ केलेलं नाही. पुढे कधी करीन की नाही ठाऊक नाही. तू मला आखणी दाखवलीस, लाज कशाला म्हणतात ते दाखवलंस, आणि त्या उपकारावरच मी इतकी वर्षं मुलांना शिकवलं. तेही खोटं ठरवता येत नाही, तिथेच तर सगळी अडचण आहे.

काल रोह्याच्या पोस्टात गेले. खिडकीतल्या बाईंनी पाकीट वजनाला ठेवलं, देशाचं नाव दोनदा वाचलं, आत काय आहे विचारलं. मी म्हटलं, कागद आणि एक फोटो. त्यांनी पाकीट परत माझ्याकडे सरकवलं. म्हणाल्या, "बाई, पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता राहिलाय." मी पेन काढलं आणि माझं नाव लिहायला घेतलं. मग थांबले. आणि तिथं तुझं नाव लिहिलं, पूर्ण, हुद्द्यासकट, मुक्काम जोहे.